पाचवा फाऊल

भाच्याचं ते पत्र मी आठ वर्षं शब्दकोशात दडवून ठेवलं होतं. उत्तर दिलं नव्हतं. त्यात एकच प्रश्न होता: "मामा, शेवटच्या सामन्यातला पाचवा फाऊल खरंच माझा होता का? मला चारच आठवतात."

भाचा बारा वर्षं व्यावसायिक बास्केटबॉल खेळला. संघात त्याला सगळे शिडी म्हणत. मी त्याच सामन्यांत टेबलाशी बसून गुणपत्रक लिहायचो. अंगात खेळ नव्हता, अक्षर मात्र बरं होतं. नात्यातला माणूस टेबलाशी नको, असं कुणी म्हणालं नाही. माझा भिडस्त चेहरा पाहून संशय येत नसावा.

त्या दिवशी बास्केटखाली तिघं एकमेकांवर आदळले. शिडी गुडघा धरून कोसळला. पंचांनी टेबलाकडे वळून बोटं दाखवली, "तेरा!" असं ओरडलेही. माझी नजर त्या गुडघ्यावर खिळली होती. तो उठेपर्यंत माझ्या हाताने त्याच्या, म्हणजे चौदा नंबरच्या, रांगेत खूण केली होती. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. तो पंचांशी भांडला. गोंधळात पंचांनाही नक्की आठवेना; त्यांनी पत्रक पाहिलं आणि खांदे उडवले. शिडी लंगडत बाकावर जाऊन बसला.

घरी पोचल्यावर तो "तेरा" माझ्या कानात पुन्हा वाजला. पण बोलायचं धाडस झालं नाही. पुढच्या हंगामात संघाने त्याला घेतलं नाही.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला.

"अरे, शाळेवाले त्याला शिकवायला बोलावतायत. हा म्हणतो, ज्याला स्वतःचे फाऊल मोजता आले नाहीत तो पोरांना काय शिकवणार? तू सांग ना, तुझं ऐकेल."

"बघतो."

"तू जन्मभर बघतोच आहेस."

मी लिहायला बसलो. पाचवा कागद फाडला तेव्हा बायको म्हणाली, "पत्र लिहिताय की प्रबंध? जे झालं ते लिहा आणि उठा."

मग लिहिलं: "चारच होते. पाचवा मी चुकून तुझ्या नावावर लिहिला. तू पडलास आणि मला दुसरं काही दिसेना. माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण शाळेला हो म्हण. तुझा हिशेब बरोबर होता. गुण लिहायला मात्र दुसरा कुणी बघ."

पाकीट टपालपेटीत सरकवताना पत्ता बरोबर लिहिलाय ना, अशी शंका आली. तोवर ते हातातून सुटलं होतं.