फोटोपुरती रॅकेट

मित्रांनो, अकोल्याच्या एका फोटो स्टुडिओत खिळ्याला टांगलेली टेनिसची जुनी रॅकेट म्हणजे मी. माझी चौकट चिवट लाकडाची, आणि आतली जाळी पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तशा तातीची, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या दोरीची. अमरावतीच्या साहेब लोकांच्या मैदानावर मी भरपूर खेळले. चेंडू जाळीच्या मधोमध बसला की माझ्या अंगातून कशी झिणझिणी जायची! पुढे माझ्या साहेबाची बदली झाली. त्याच्या सामानाच्या लिलावात केशवराव फोटोग्राफरांनी मला घेतलं, आणि माझा खेळ संपला.

ते दिवस प्रेमाच्या कादंबऱ्यांचे आणि नव्या बोलपटांचे होते. जिथे तिथे नायक टेनिस खेळणारा. नायिकेचा चेंडू कुंपणापलीकडे जातो, नायक तो आणून देतो, नजरानजर होते. बस! पुढे डाव कोणी जिंकला, हे कोणी सांगतच नाही. स्टुडिओत येणाऱ्यांच्या तोंडून या गोष्टी ऐकून मला वैताग यायचा. लिहिणाऱ्यांपैकी एक तरी कधी उन्हात घामाघूम होऊन खेळला असेल का?

पण याच गोष्टींपायी लग्नाच्या वयाचे मुलगे आमच्याकडे येऊ लागले. मुलीकडे धाडायचा फोटो रॅकेट घेऊनच हवा! पांढरी पाटलोण दुकानाची, ती मागून टाचण्यांनी आवळलेली. कोणी मला झाऱ्यासारखं धरी, कोणी काखेत मारी.

"राजेहो, हसा ना जरा! सासरे समोर उभे हायेत असं समजा," केशवराव म्हणत.

तेल्हाऱ्याचा चंद्रभान असाच फोटो काढून गेला. लग्न झाल्यावर तो जोडीचा फोटो काढायला बायकोला घेऊन आला. तिचं नाव जमुना. ती हिवरखेडची, अमरावतीच्या कॉलेजात शिकलेली. मला पाहताच ती थबकली.

"अवो, ही तुमचीच ना? फोटोतली?"

चंद्रभान चुळबुळला. "दुकानाची हाये. फोटोपुरती धरली होती."

"म्हंजे तुमी खेळतच नाही?"

"तेल्हाऱ्यात कुठी खेळू? कपाशीत?"

जमुनाचा चेहरा उतरला. "मी कॉलेजात खेळत होती. तो फोटो पाहूनच मी बाबाले हो म्हटलं. वाटलं, खेळणारा मानूस हाये, मलेही खेळू देईन."

"मंग आधी विचाराचं होतं!"

"कोनाले? फोटोले?"

केशवरावांनी घाईनं खुर्ची पुढे सरकवली. "बाई, तुमी इथी बसा अन् रावांकडे पाहा. सिनेमात असंच असते."

"सिनेमातल्या बाया बसूनच राहतात," असं म्हणत जमुनानं मला खिळ्यावरून काढलं. तिनं बोटांनी जाळी दाबून पाहिली. तात ढिली पडली होती. तरी तिनं मूठ बरोबर धरली, पदर कमरेला खोचला आणि हवेत एक सणसणीत फटका मारला. मित्रांनो, काय सांगू! इतक्या वर्षांनी माझ्या जाळीतून वारा गेला.

"अवो बाई, पडदा फाटन माहा!" केशवराव धावत आले. मागे रंगवलेल्या बागेचा पडदा होता. त्यांनी मला तिच्या हातातून ओढून चंद्रभानच्या हातात दिलं. चंद्रभाननं एकदा तिच्याकडे पाहिलं. मला तिला परत द्यायला त्याचा हात किंचित पुढे झाला. पण तेवढ्यात "हलू नका!" म्हणून केशवरावांचा आवाज आला, तो हात तिथेच थांबला, आणि फोटो निघाला.

त्याची एक प्रत दुकानाच्या काचेत लावली आहे. येणारेजाणारे म्हणतात, नवरी नवऱ्याकडे किती प्रेमानं पाहून राहिली! मला चीड येते. नीट बघा ना जरा. ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहते आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणी नुसतं टांगलेलं असेल. त्याला पुसूनपुसून शोभेला ठेवू नका. तात कसून घ्या, चेंडू आणा, आणि घरात कोणाला खेळायचं आहे ते आधी विचारा. मुलींना तर नक्की विचारा. त्यांना कोणी विचारत नाही.