ठिपक्यांआडचं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. एका फोटो स्टुडिओच्या काउंटरवर, पडद्यासमोर, माऊसच्या शेजारी माझा मुक्काम असतो. माझ्या आयुष्यात फुशारकी मारावी असं काही घडलं नाही. जे घडलं ते सांगताना मला मान वर करवत नाही. कीबोर्डाला मान नसते ही गोष्ट वेगळी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझ्या अंगात एकेक बटण बसत गेलं आणि शेवटी एका मुलीने सगळी बटणं दाबून बघितली. तिला मी पसंत पडलो असणार, कारण लगेच मला खोक्यात भरलं. खोक्यातून बाहेर आलो तो थेट या स्टुडिओत. मालकांनी माझ्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "ताई, बघ गं, लोण्यासारखी बटणं आहेत!"

"आधी हात धू, बाळ्या," ताई म्हणाल्या. "आत्ताच बिस्किटं खाल्लीस."

मालक पन्नाशीचे, डोक्यावर औषधालाही केस नाही, पण थोरल्या बहिणीला ते बाळ्याच. ताई काउंटर सांभाळायच्या. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायच्या, कॉलर नीट करायच्या आणि असं काहीतरी बोलायच्या, की लाकडासारखा ताठ बसलेला माणूससुद्धा हसायचा. मग मालक फोटो काढायचे. कॉम्प्युटरशी मात्र ताईंचं जमलं नाही. प्रत्येक गोष्ट त्या दोनदा विचारायच्या. "बाळ्या, हे दाबू का?" आणि दाबून झाल्यावर, "दाबलं ते बरोबर ना रे?" मालक मोठा सुस्कारा सोडायचे. माझ्या फटींत भुगा साचत गेला, एकदा चहा सांडला, डावीकडची बटणं चिकट झाली. मला कुणी पुसलं नाही, पण त्याचं मला फारसं दुःख नाही. माझं दुःख निराळं आहे.

एके दिवशी आमच्या पडद्यावर जाहिराती उगवायला लागल्या. गिऱ्हाईक फोटो निवडायला वाकलं, की कोपऱ्यातून काहीतरी टुणकन वर यायचं. एक जाडजूड वकील आपला फोटो बघत होते आणि त्यांच्या नाकासमोर 'सुटलेलं पोट? लाजू नका!' असं आलं. वकील तरातरा निघून गेले. मालक ताईंवर उखडले.

"तूच काहीतरी दाबलं असशील! दिसेल ते दाबत सुटतेस!"

"दाबलंही असेल रे," ताई हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी ब्राउझरची सेटिंग उघडली. "सूचना पाठवायची परवानगी कुणाला दिलीय ते बघू," म्हणाल्या. यादीत एकच नाव होतं, फुकट सिनेमे दाखवणाऱ्या साइटचं. "ही साइट कोण बघतं?"

ताई आत पाणी आणायला गेल्या होत्या. मालक नुसते खोकले. ताई जेवायला घरी गेल्या की दुपारी मालक काय बघत बसतात, हे मला आणि माऊसला पक्कं ठाऊक होतं. मॅडमही समजल्या. गालातल्या गालात हसल्या आणि त्यांनी ती परवानगी काढून टाकली. जाहिराती बंद झाल्या.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मेलचा, गिऱ्हाइकांचे जुने फोटो जिथे ऑनलाइन ठेवतात तिथला, सगळे पासवर्ड ब्राउझरने जपून ठेवले होते आणि खुर्चीवर बसेल त्याला ते वाचता येत होते. "हे म्हणजे दुकान उघडं टाकून गावाला जाणं झालं," मॅडम म्हणाल्या. "मास्टर पासवर्ड लावा. ब्राउझर उघडला की तो एकदा टाकायचा, मग बाकीचे पासवर्ड तो आपापले भरतो. पण हा विसरलात तर मीसुद्धा काढून देऊ शकणार नाही. म्हणून एखादं अख्खं वाक्य ठेवा. रोज मनात येतं, पण कुणापुढे बोलत नाही, असं. दुसऱ्या कुणाला कळलं तर लगेच बदला. आणि एक जण टाकत असेल तेव्हा बाकीच्यांनी तोंड फिरवायचं."

तोवर ताई पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी लगेच तोंड फिरवलं.

मालकांचे कान अजून लाल होते. चूक त्यांची निघाली होती, आणि तीही परक्या बाईसमोर. अशा वेळी माणसाने बहिणीला सांगावं, की बाई गं, तू काही केलं नव्हतंस. मालकांनी तसं केलं नाही. त्यांनी माझ्यावर दणादणा बोटं आपटली आणि इंग्रजी अक्षरांत, मध्ये कुठेही जागा न सोडता, लिहिलं: ताईला काही कळत नाही.

पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटले. ठिपके बघून कुणाला काय समजणार? पण ती अक्षरं माझ्या अंगावर उमटली होती. अक्षरं माझी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून रोज सकाळी मालक ब्राउझर उघडून ते वाक्य लिहायचे. त्यांच्या मनात रोज राग असायचा असं नाही, बोटांना सवय पडली होती. ताई शेजारीच उभ्या असायच्या, भिंतीकडे तोंड करून. डोळेसुद्धा मिटून घ्यायच्या. आणि गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायच्या, "आमच्या बाळ्याने इतका पक्का पासवर्ड ठेवलाय, मलासुद्धा सांगत नाही!" मालक तेव्हा उगाच कॅमेऱ्याची काच पुसायला लागायचे. एखादं बटण अडकवून ठेवावं, ते वाक्य पुरं होऊच देऊ नये, असं मला फार वाटायचं. पण माझ्या हातात काय होतं?

असंच पुष्कळ दिवस चाललं. मग एकदा मालक एका शाळेत वर्गांचे फोटो काढायला गेले. निघताना त्यांनी ब्राउझर उघडून दिला होता, पण मध्येच वीज गेली आणि आली. कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला, तोच दारात एक बस ड्रायव्हर येऊन उभा राहिला. अंगावर गणवेश तसाच, डोळे सुजलेले.

"ताई, सकाळी आई गेली हो," तो म्हणाला. "घरात तिचा एकही धड फोटो नाही. मागे तुमच्याकडे काढला होता, तेवढा द्या. दुपारी तिला न्यायचंय. त्याआधी उशाशी ठेवावा म्हणतो."

"अगंबाई! त्या होय?" ताईंचे डोळे भरून आले. "दात नाहीत म्हणून हसायला तयार नव्हत्या. मी माझी कवळी काढून दाखवली, तेव्हा कुठे हसल्या. बसा तुम्ही. देते."

त्यांनी ब्राउझर उघडला आणि मास्टर पासवर्डची रिकामी चौकट समोर आली. ताईंनी मालकांना फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन माझ्याशेजारी ठेवला.

"बाळ्या, तो पासवर्ड सांग बरं." आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली.

पलीकडे पोरांचा गलका चालला होता. "संध्याकाळी येतोच आहे ना मी," मालक म्हणाले.

"संध्याकाळी काय उपयोग? दुपारी नेणार त्यांना."

"मग सांग की फोटो सापडत नाही म्हणून."

ताईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो हातातली टोपी गोल गोल फिरवत होता. "असं मी नाही सांगणार," ताई म्हणाल्या. "सांग तू. मी कुणाजवळ बोलणार नाही, शप्पथ."

"ताई, तो... रागाच्या भरात ठेवलाय गं."

"शिवी आहे का? असू दे. मी काय कुक्कुलं बाळ आहे? सांग लवकर."

पलीकडे एका पोराने ओरडून विचारलं, "सर, आता हसायचं का?"

"टी," मालक म्हणाले.

ताईंनी एका बोटाने माझ्यावर टी शोधला. "टी. पुढे?"

"ए. आय."

"ए... आय." ताईंचा चेहरा एकदम उजळला. "अरे, ताई! माझं नाव ठेवलंस होय रे? आणि राग कसला त्यात, वेड्या!"

मित्रांनो, मी प्लास्टिकचा आहे. तरी त्या क्षणी मला वाटलं, आपण मधोमध तुटून पडावं.

"एल. ए," मालक म्हणाले. "के. ए. एच. आय."

ताई अक्षरं म्हणत होत्या, पण आता हसत नव्हत्या.

"के... ए... एल..."

ताईंनी एल दाबला आणि बोट उचलून तसंच धरून ठेवलं. पडद्यावर ठिपक्यांची रांग होती.

"ताई?" फोनमधून आवाज आला.

"पुढचं कळलं मला," ताई म्हणाल्या. "ठेव फोन."

उरलेली अक्षरं त्यांनी कुणाला न विचारता एकटीने दाबली. एकही चुकलं नाही. चौकट नाहीशी झाली. ताईंनी म्हातारीचा फोटो शोधला, छापला, फ्रेममध्ये बसवला, काच फडक्याने पुसली. फोटोत म्हातारी बोळकं पसरून हसत होती. ड्रायव्हरने तो छातीशी धरला आणि पळतच निघाला. मग ताई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

संध्याकाळी मालक आले आणि दारातच घुटमळले. "ताई, मी..."

"त्यांना फोटो वेळेवर मिळाला," ताई म्हणाल्या. "तुझा पासवर्ड आता मला कळलाय. बदलून टाक." आणि त्या आतल्या खोलीत गेल्या.

आता ताई रोज येतात, कामही करतात. पण काही विचारत नाहीत. एखादी गोष्ट येत नसली तर हात न लावता तशीच ठेवतात. 'बाळ्या' ही हाक बंद झाली. गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, ताई कॉलर नीट करून मुकाट बाजूला होतात. आमच्याकडचे फोटो हल्ली फार ताठ येतात.

मालकांनी पासवर्ड बदलला. खरं म्हणजे पासवर्ड कुणाला सांगू नये, पण आज मला राहवत नाही. नवा पासवर्ड आहे: ताई माझं चुकलं. रोज सकाळी ते हळूहळू, एकेक अक्षर दाबून तो लिहितात. पडद्यावर पुन्हा तेच काळे ठिपके उमटतात, आणि मालक गिऱ्हाइकाकडे वळून विचारतात, "काय काम होतं?"

मित्रांनो, मालक रोज माफी मागतात, पण माझ्याजवळ मागतात. मी ती घेऊन काय करू? तुमचे पासवर्ड जिवापाड जपा, सेटिंग नीट लावा, भलत्यासलत्या साइटला परवानगी देऊ नका. माझ्यासारख्या कीबोर्डातला भुगा झटकला नाहीत तरी चालेल. पण कुणाचं मन दुखावलंत, तर ते ज्याचं त्याला तोंडाने सांगा, ऐकू जाईल असं सांगा. ताई आतल्या खोलीतच असतात. मध्ये नुसतं दार आहे, आणि तेही उघडं आहे.