घोटा, गुडघा, कंबर

मी एक काठी बोलतेय. तुमच्या घरात दाराआड उभी असते ना, कुत्र्याला हाकायला नि माळ्यावरची जळमटं काढायला, तशीच. फक्त माझ्या अंगावर तीन खाचा आहेत आणि मनावर एक ओझं आहे. खाचा सगळ्यांना दिसतात. ओझ्याचं आज सांगते.

माझा जन्म नाशिककडच्या पेठ तालुक्यातल्या डोंगरातला, देवरामच्या पाड्यामागच्या बांबूच्या बेटातला. देवराम भात आणि नागली पिकवायचा. डोंगरातल्या पायवाटा त्याच्या तळपायांना पाठ होत्या. १९९३ साली नाशिकहून सिंधुबाई नावाच्या शाळेतल्या बाई तिथे दहा-बारा माणसं घेऊन आल्या. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ही मंडळी कुठे ना कुठे चालायला निघत. झाडं बघत, पाखरं बघत, आणि खरं सांगायचं तर डबे कधी सोडायचे याकडेही सगळ्यांचा एक डोळा असे. वाट दाखवायला त्यांना देवराम मिळाला.

त्या दिवशी वाटेत ओढा आडवा आला. पाणी बघून मंडळी गडबडली. देवराम बेटात शिरला आणि मला तोडून घेऊन आला. मी भरीव बांबूची, तिथल्या तिथे विळ्याने तासलेली.

"बाई, सरळ उभ्या ऱ्हा," तो म्हणाला. बाई शाळेतल्या मुलीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. त्याने मला त्यांच्या शेजारी टेकवलं आणि तीन खाचा पाडल्या. एक घोट्याला, एक गुडघ्याला, एक कमरेला.

"घोट्याला पाणी, तर हसत जा. गुडघ्याला, तर हात धरून जा. त्याच्यावर गेलं तर गप बसून ऱ्हा. डोंगराचं पाणी हाय, चढतं तसं उतरतं. घाई करणारा वाहून जातो, बसणारा घरी जातो."

नाशिकच्या माणसांना हे लगेच पटलं. गोदेला पूर आला की तिथे कोणी फूट-मीटर विचारत नाही. नदीत उभ्या असलेल्या मूर्तीकडे बघून 'दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?' एवढंच विचारतात. गुडघ्याला म्हटलं की लोक चहा पीत बघायला जातात, कमरेला म्हटलं की दुकानदार माल हलवतात. अंगावर पाणी मोजणारी माणसं ती, त्यांना माझी भाषा शिकवावी लागली नाही.

पुढची तीन-चार वर्षं माझी चैनीची होती. मला टोकाला लोखंडी टोपी मिळाली. प्रत्येक ओढ्याशी देवराम मला पाण्यात रोवायचा आणि मोठ्याने सांगायचा, "घोटा!" मागून सगळी मंडळी ओरडायची, "हसत चला!" मग तो मधोमध उभा राहून एकेकाला हात द्यायचा. कलाबाई सगळ्यांत मागे असायच्या. साठीच्या, बुटक्या, नातवंडांना सांभाळून महिन्याचा एक दिवस स्वतःसाठी काढणाऱ्या. त्या म्हणायच्या, "देवराम, तुझा हात आहे तोवर मी चालणार बघ." हे ऐकून तो लाजायचा आणि मी उगीच फुशारायचे. गर्वाचं घर खाली असतं, हे काठीलाही लागू आहे.

१९९७च्या जानेवारीत बाईंनी डहाणूची सहल ठरवली. खाडी, सुरूचं बन, चिकूच्या वाड्या, किनाऱ्यावरचे पक्षी, असा दोन दिवसांचा बेत होता. बाई देवरामला म्हणाल्या, "इतकी वर्षं तू आम्हाला डोंगर दाखवलास. आता आम्ही तुला समुद्र दाखवतो."

देवरामने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पहिल्या संध्याकाळी तो बराच वेळ बघत उभा राहिला. मग ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकला आणि म्हणाला, "येवढं पाणी, आणि एक घोट कामाचा नाय!" सगळे पोट धरून हसले. तोही हसला. त्याचं ते हसणं मी अजून विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला घेऊन एकट्याच किनाऱ्यावर गेल्या. ओहोटी होती. समुद्र लांब मागे गेला होता आणि मधल्या ओहळापलीकडे वाळूचा मोठा पट्टा उघडा पडला होता. त्यावर कुरव पक्ष्यांचा थवा बसला होता. अलीकडे साळूबाई नावाची कोळीण सुकवलेले बोंबील काढत होती. बाईंनी तिला विचारलं, "पलीकडे जाता येतं का हो?"

"जा की, बाय. पन साडेधाच्या आत पाठी या. समोरचं पानी बघत बसू नका, पानी त्या ओहळातनं पाठून भरतं."

"हो हो," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे पक्ष्यांवर होते. साडेदहाचे अकरा झाले तर काय बिघडतं, असंच त्यांना वाटलं असणार. गोदेला चढायला दिवस लागतो, त्याआधी धरणातून पाणी सोडल्याची वर्दी गावभर होते. ज्या नदीला आधी सांगून यायची सवय, तिच्या काठी वाढलेली बाई ती. साळूबाईचे शब्द त्यांच्या कानावर पडले आणि तिथेच राहिले. मंडळी जमली तेव्हा त्यांनी ते कुणालाच सांगितले नाहीत. लपवायचं म्हणून नव्हे, विसरल्या.

देवरामने मला ओहळात रोवलं. "घोटा!"

"हसत चला!" मंडळी ओरडली आणि हसत पलीकडे गेली.

मी खोटं बोलले नव्हते. पाणी घोट्यालाच होतं. पण मी फक्त किती ते सांगितलं, पाणी येतंय की जातंय ते मला सांगता येत नाही. हे माझं मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

पट्ट्यावर मंडळी लहान मुलं झाली. शंख वेचले, खेकड्यांमागे धावली, दशम्या सोडल्या. समोरचा समुद्र लांबच दिसत होता, म्हणून सगळे निर्धास्त. परत निघाले तेव्हा अकरा वाजून गेले होते. ओहळापाशी आले तर तिथे ओहळ राहिलाच नव्हता, रुंद गढूळ पाणी होतं. देवरामने मला रोवलं. गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली.

"बसा," तो शांतपणे म्हणाला. "उतरल. घाई करू नका."

आणि मंडळी बसली! शहाणी, शिकलेली माणसं, पण देवरामने बसा म्हटलं की बसायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. डोंगरात ज्या शब्दाने सगळ्यांचे जीव वाचत आले, तोच शब्द तिथे जिवावर उठला. त्यात त्याचा काय दोष? त्याला उतरणारंच पाणी माहीत होतं.

पण बाईंना आठवलं होतं. देवरामने मला त्यांच्या हाती दिलं होतं, त्यांच्या तळव्याला सुटलेला घाम मला कळला. 'साडेधाच्या आत पाठी या.' आत्ता सांगितलं तर सगळे विचारणार, मग सकाळी का नाही सांगितलंत? बाई घुटमळल्या. थोडी वाट बघू, उतरलंच तर सांगायची वेळ येणार नाही, असं म्हणत त्यांनी पंधरा मिनिटं घालवली. पाणी माझ्या कमरेच्या खाचेला आलं, तेव्हा त्या एकदम ओरडल्या, "चला, चला, आत्ताच्या आत्ता!"

मधोमध पाणी छातीला लागलं. कलाबाईंच्या तर गळ्याला. त्यांचा पाय सुटला आणि त्या खाली गेल्या. देवरामने मला बाईंच्या हातातून ओढलं, वाळूत रोवलं, एका हाताने मला धरलं आणि दुसऱ्याने पाण्यात चाचपडत कलाबाईंचा पदर पकडला. मी वाकले, कडकडले, पण मोडले नाही. तेवढ्यात साळूबाईच्या ओरड्याने चार कोळी दोर घेऊन धावले आणि एकेकाला ओढून काढलं.

कलाबाई वाचल्या. पण छातीत पाणी गेलं होतं. तीन आठवडे दवाखान्यात काढले, आणि मग जिना चढतानाही धाप लागायची. त्यांचं चालणं कायमचं सुटलं.

नाशिकला बाईंच्या घरी बैठक बसली. दीपक नावाचे गृहस्थ सहलींची आखणी करायचे, चांगले माणूस, पण घाबरलेला माणूस दोष द्यायला कोणीतरी शोधतोच. ते म्हणाले, "बसा कोण म्हणालं होतं? देवरामच ना? लगेच निघालो असतो तर गुडघ्यावरच्या पाण्यातून सगळे पार झालो असतो."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मी कोपऱ्यात उभी होते. मनात म्हणत होते, बाई, सांगा. साळूबाईचं सांगा.

बाई म्हणाल्या, "हो. बसा तोच म्हणाला."

हेही खोटं नव्हतं. माझ्या 'घोटा'इतकंच खरं होतं, आणि तितकंच अर्धं. अर्धं खरं बोलायला बाई माझ्याकडून शिकल्या की काय, असं वाटून मला स्वतःची किळस आली.

देवरामला पुन्हा कधी निरोप गेला नाही. सहली सुरू राहिल्या, पण बाईंनी त्यातून हळूच अंग काढून घेतलं. मला त्यांनी दाराआड ठेवलं. झाडूवाली मला उचलायला गेली तर म्हणायच्या, "ती राहू दे." माझ्याकडे मात्र त्या बघत नसत. अशी नऊ वर्षं गेली. मला भुंगा लागला, टोपी गंजली.

२००६च्या पावसाळ्यात बाईंच्या शाळेत शिकाऊ शिक्षिका म्हणून एक मुलगी आली. रोशनी तिचं नाव. पेठकडची म्हटल्यावर बाईंनी तिला घरी चहाला बोलावलं. दाराआड मला पाहून ती म्हणाली, "अय्या, ही तर बाबाच्या हातची खाच!" ती देवरामची लेक निघाली.

बाईंनी विचारलं, "कसा आहे गं तो?"

"बरा हाय. पहिलं वर्षभर दर दुसऱ्या रविवारी फाट्यावर जाऊन बसायचा. तुमच्यावर राग नाय हां त्याचा. म्हणतो, माझ्या अंदाजाने एक बाई मरत होती, कोण बोलावील मला? आता पावसाळ्यात ओढा भरला तरी कुणाला हात देत नाय. लोक बोलावतात, तर घरात जाऊन बसतो."



पुढच्याच रविवारी बाई मला घेऊन पाड्यावर गेल्या. देवराम अंगणात बसला होता, केस पांढरे झालेले. त्या खाली मातीत बसल्या आणि एका दमात सगळं बोलल्या. साळूबाई, साडेदहा, ती पंधरा मिनिटं, ती बैठक. शेवटी म्हणाल्या, "तुझी चूक नव्हती, देवराम. मला कुणीतरी सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही."

 देवरामने एवढंच विचारलं, "नऊ वर्सं, बाई?"

 बाई रडत होत्या. त्याने मला उचललं, खाचांवरून अंगठा फिरवला आणि ओढ्याकडे चालू लागला. काठावर आठवडी बाजाराला निघालेल्या चार बाया डोक्यावर टोपल्या घेऊन खोळंबल्या होत्या. त्याने मला पाण्यात रोवलं. नऊ वर्षांनी माझ्या अंगाला वाहतं पाणी लागलं.

"गुडघा," तो म्हणाला.  त्याने वरच्या अंगाला आभाळ पाहिलं, बायांना विचारलं, "वरती पाऊस हाय का गं?" त्या नाही म्हणाल्या. तेव्हा तो मधोमध उभा राहिला आणि एकेकीला हात देऊन पार केलं.

शेवटी बाई काठावर राहिल्या. परतीची गाडी पलीकडच्या रस्त्यावरून होती. देवराम त्यांच्याकडे आला. त्याने हात पुढे केला नाही, माझं टोक पुढे केलं. बाईंनी ते धरलं. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला त्या, आणि मधे मी, अशा आम्ही तिघांनी तो ओढा ओलांडला. कोणी 'हसत चला' म्हटलं नाही.

आता मी देवरामच्याच दारात असते. पाऊस असला की मला काम असतं. भुंग्याने आतून पोखरलंय, फार दिवस निघायचे नाहीत. जाण्याआधी एक मागणं आहे. मला पाण्यात रोवाल तेव्हा खोली मला जरूर विचारा, पण पाणी येतंय की जातंय हे तिथल्या माणसाला विचारा. आणि तो जे सांगेल ते मागच्या सगळ्यांना मोठ्याने सांगा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.

बाई दर दिवाळीला येतात. देवराम त्यांना चहा देतो, पिकापाण्याचं बोलतो. निघताना ओढ्यापाशी दरवेळी माझं टोक पुढे करतो. त्याचा हात एक दिवस पुढे येईल म्हणून मी वाट बघते, आणि मला वाटतं, बाईही बघतात.