तारे लावलेला कोट

मित्रांनो, माझे हिरवे-तपकिरी ठिपके बघून सलाम ठोकू नका. मी एक जुना फौजी छापाचा कोट आहे. छापाचाच बरं का, फौजेतला नव्हे! सीमा मी कधी पाहिली नाही. माझा जन्म शिलाई कारखान्यातला. शेजारच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होते.

तिथून मी एका दुकानात आलो. फौजी धाटणीचे कोट, टोप्या, सहा खिशांच्या पँटी तिथं कुणालाही मिळत. गल्ल्यावर मालकीणबाई बसायच्या, मागे मशीनवर त्यांचे दीर. बाईंचा नियम एकच. "भावजी, कोट विकू, हुद्दा विकायचा नाही. खांदे मोकळेच ठेवायचे."

एक दिवस एक फरशीवाला आला. घरोघरी फरशा बसवणारा साधा माणूस. मला घालून आरशापुढे वळून वळून बघू लागला. माझीही छाती फुगली, खोटं कशाला बोलू! तो म्हणाला, "मास्तर, खांद्यावर दोन-दोन तारे मारून द्या की. रुबाब येईल." मालकीणबाई जेवायला गेल्या होत्या. दिरांनी दाराकडे एकदा बघितलं आणि दिले टाचून.

मग काय विचारता! शेजारी त्याला "मेजरसाहेब" म्हणू लागले, बसमध्ये जागा मिळू लागली. आधी तो हसून "अहो, कसला मेजर!" म्हणायचा. पुढे म्हणेनासा झाला. आम्ही दोघंही हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

एका दुपारी रस्त्यात गर्दी दिसली. एका इमारतीतल्या विजेच्या मीटरांनी पेट घेतला होता, जिन्यात काळा धूर कोंडला होता. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक बाई उभी होती, कडेवर लहान मुलगी. कुणीतरी ओरडलं, "सरका, मिलिटरीतले साहेब आलेत!" लोकांनी आम्हाला वाट करून दिली.

"साहेब," बाई वरून ओरडली, "इथंच थांबू की गच्चीवर जाऊ? लवकर सांगा हो!"

त्याचं काळीज माझ्या अस्तराला धडका देत होतं. त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"गच्चीवर!" तो ओरडला. "गच्चीवर जा!"

बाई खिडकीतून दिसेनाशी झाली. तेवढ्यात वॉचमन धापा टाकत आला. "अहो साहेब, गच्चीला कुलूप आहे!"

"ताई, परत फिरा! ताई!" तो घसा फोडून ओरडत राहिला. खिडकी रिकामीच होती. आगीचा बंब आला, जवान धुरात शिरले. मी घामानं चिंब होऊन त्याच्या पाठीला चिकटलो होतो. मित्रांनो, इतका भ्यालेला मी कधीच नव्हतो.

शेवटी मायलेकींना खाली आणलं. दोघी कुलपापाशी सापडल्या होत्या. मुलगी खोकली आणि मग मोठ्यानं रडली. रडली, म्हणजे जिवंत होती!

एक जवान संतापून म्हणाला, "दार लावून खिडकीतच थांबायचं होतं. यांना वर कुणी पाठवलं?"

फरशीवाल्यानं तारे ओढून काढले. माझा एक खांदा टरकन फाटला. "मी पाठवलं. मी साहेब नाही, फरशा बसवतो. मला काही कळत नव्हतं."

काजळीनं माखलेल्या त्या बाईनं त्याच्याकडे बघितलं. "मग 'मला माहीत नाही' एवढं तरी म्हणायचं होतंत ना, दादा."

आता मी त्याच्या दारामागच्या खिळ्याला धूळ खात लटकलोय. माझ्यासारखा कोट हवा असेल तर खुशाल घ्या, थंडीत ऊब देईल. पण कपड्यांकडे बघून कुणी आपला जीव तुमच्या हवाली करू लागलं, तर आधी खरं काय ते सांगा. त्या मायलेकी वाचल्या, पण त्यात आमचा काहीच वाटा नव्हता.