पोटरीची वायर

डॉक्टर टेस्केंच्या मणक्याच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं लोकांना विजेच्या पट्ट्या लावतेय. दोन कंबरेला, दोन पोटरीला, मग यंत्राचं बटण हळूहळू वर. स्नायू थरथरू लागले की विचारायचं, कसं वाटतंय? आमच्या आयोवातल्या माणसांचं उत्तर ठरलेलं, "ठीक आहे." हाड मोडलं तरी ठीकच. मला त्या शब्दाची चीड आहे, आणि मीही तोच वापरते.

त्या गुरुवारी टेबलावर माझा धाकटा भाऊ व्हर्लिन पालथा पडला होता. तो डुकरं वाहून नेणारा ट्रक चालवतो. कंबरेतून उजव्या पायात कळ जायची म्हणून दोन महिने येत होता. दुसऱ्या दिवशी टेस्केच त्याची तपासणी करून ट्रकचालकाच्या वैद्यकीय कार्डावर सही करणार होते. सही नाही तर ट्रक नाही, आणि ट्रकशिवाय त्याला दुसरं काही येत नाही.

मी बटण वर केलं, विचारलं. "झकास. आज यंत्रानं पोटरी चांगली धरलीय," तो म्हणाला. वर मी ओव्हनमध्ये भाजते त्या कॅसरोलला चव नसली तरी हाताला गुण आहे, असंही चिडवलं.

पंधरा मिनिटांनी यंत्र वाजलं. वायरी काढायला वाकले, तर पोटरीची वायर मी खोचलीच नव्हती. टेबलाखाली लोंबत होती.

छातीवरचा बिल्ला काढून त्याची पिन मी त्याच्या उजव्या तळव्याला टोचली. पाय हलला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तू काही लिहू नकोस, मार्लिस. डॉक्टर तुझ्याच नोंदीचा कागद बघतात."

खरंच होतं ते. टेस्केंचा माझ्यावर डोळे झाकून विश्वास. मी भावाच्या मानेकडे बघत राहिले आणि कागदावर लिहिलं, ठीक.

तीन आठवड्यांनी व्हर्लिनचा ट्रक चौकात थांबला नाही. तो ज्या मोटारीवर आदळला तिच्यात एक बाई होती आणि तिची मुलगी. दोघीही जागच्या जागी गेल्या.

व्हर्लिनला खरचटलंसुद्धा नाही. तो पोलिसांना सांगतो, आईला सांगतो, मला तर रोज सांगतो, "मी ब्रेक दाबला होता गं." तो खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच तसं वाटतंय, आणि का वाटतंय ते फक्त मला ठाऊक आहे.