सत्तेचाळीस नंबरची अक्षरं

"हे अक्षर नाही, डुएन, हा डाग आहे." वर्लिन हॅस्केटने भिंग खाली ठेवलं. "वार्निश एकदम जाड मारलंस ना? लाल शाई बघ, नाकातून रक्त आल्यासारखी वाहिलीय."

"तीन फुटांवरून दिसत नाही," डुएन म्हणाला.

"तीन फुटांवरून तूही बरा दिसतोस."

अग्निशमन केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये दर दुसऱ्या मंगळवारी तळहातावर मावतील अशा छोट्या मोटारी बनवणाऱ्यांचा क्लब भरायचा. आठ-नऊ निवृत्त माणसं, एक कॉफीचं भांडं आणि दुकानातून आणलेला ॲपल-पाय. वर्लिनच्या मते त्यातल्या एकालाही रेषा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तो स्वतः एकतीस वर्षं या गावच्या पाट्या रंगवत आला होता. बँकेची पाटी त्याची, दवाखान्याची त्याची, ट्रॅकवर शर्यतीला उतरणाऱ्या निम्म्या गाड्यांवरची नावंही त्याचीच. मग चिकटपट्टीतून अक्षरं कापणारं यंत्र आलं, आणि कुणीही सोम्यागोम्या पेंटर झाला. वर्लिनने दुकान बंद केलं. आता तो घरच्या प्रिंटरवर डिकल, म्हणजे छोट्या गाड्यांवर पाण्याने चिकटवायची अक्षरं, छापायचा. ब्रशचा जमाना गेला, असं तो विचारणाऱ्यांना सांगे.

त्या मंगळवारी जिना चढून एक बाई आली. दम लागला होता, पण ती बसली नाही.

"मिस्टर हॅस्केट तुम्हीच ना? मी नॅडीन केसलर. लोवेलची बायको."

लोवेल केसलर नोव्हेंबरात गेला होता. एकोणीस उन्हाळे तो मातीच्या ट्रॅकवर गाडी चालवत होता आणि एकोणीस उन्हाळ्यांत एकदाही जिंकला नव्हता. निळी, पोचे पडलेली, सत्तेचाळीस नंबरची गाडी. दारावर इंग्रजीत रंगवलेल्या केसलर नावाची अक्षरं कोंबडीने पाय बुडवून काढल्यासारखी. वर्लिनला लोवेलचा चेहरा आठवेना, पण ती अक्षरं चटकन आठवली, आणि आठवताच ओठ आपोआप वाकडा झाला.

"गाडी भंगारात गेली," नॅडीनने पर्समधून एक फोटो काढला. "एवढंच आहे. जावयाने तसल्या छोट्या गाडीच्या सुट्या भागांचं खोकं आणून दिलंय. तुम्ही बनवाल का? सगळे म्हणतात तुमच्याइतकं नीट कुणी करत नाही."

"ते खरं आहे," वर्लिन म्हणाला.

त्याने फोटो घेतला. आपण नाही म्हटलं तर डुएन करेल, आणि मेलेल्या माणसावर ती पाळी येऊ नये, एवढाच विचार त्याने केला.

फोटो संगणकावर मोठा करून बघितला आणि त्याची चीड वाढतच गेली. के पुढे झुकलेला. दोन एस, दोन वेगवेगळ्या आईबापांचे. दार संपत आलं हे माणसाच्या उशिरा लक्षात आलं असावं, म्हणून शेवटची दोन अक्षरं कोपऱ्यात कोंबलेली. सातच्या शेपटीला तर मध्येच एक गचका. "गाढवा," वर्लिन पडद्याकडे बघून म्हणाला, "आधी पेन्सिलीने आखायचं असतं."

त्याने सगळं सुधारलं. अक्षरांना सारखी उंची दिली, नीट अंतर दिलं, सात ताठ उभा केला. अक्षरं पांढरी होती आणि घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून पांढऱ्या पाठीचा कागद घेतला. छापलं, वार्निशचे तीन पातळ हात दिले, कडेकडेने कापलं, कोमट पाण्यात भिजवलं आणि ओल्या बोटाने दारावर सरकवलं. लोवेल केसलरची गाडी लोवेल जिवंत असताना कधी दिसली नव्हती इतकी झोकदार दिसू लागली.

नॅडीन शनिवारी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेली गाडी तिने उचलली, खिडकीपाशी नेली, उलटसुलट करून बघितली.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाची आहे?"

"म्हणजे?"

"लोवेलची नाही ही."

"मी अक्षरं सरळ केली, बाई. ती फार वाईट होती. कुणाला दाखवण्यासारखी नव्हती."

"ठाऊक आहे मला. मी कंदील धरून उभी होते." तिने गाडी टेबलावर ठेवली. "तो आधी तुमच्याकडे आला होता. एक्याऐंशीच्या मे महिन्यात. तुम्ही दुकानाच्या दारातून त्याची गाडी बघितलीत आणि म्हणालात, मी माझा ब्रश भंगाराला लावत नाही. चारचौघं होती दुकानात. हसली."

वर्लिनने गाडी स्वतःकडे ओढली.

"आठवतं?"

"नाही."

आणि ते खरं होतं. असं तो इतक्या जणांना म्हणाला होता की त्यातला एक वेगळा काढून आठवणं शक्य नव्हतं.

"घरी आला, शेडमध्ये गेला आणि कुंपणाला लावायचा रंग काढला," नॅडीन म्हणाली. "म्हणाला, हॅस्केट काय देवाच्या घरून शिकून आलाय का? तो सात काढत होता आणि मला हसू फुटलं. त्याने वळून बघितलं आणि हात सटकला. पुसू दिलं नाही मी. एकोणीस वर्षं ती गाडी तश्शीच पळाली. आणि तुम्ही आता तेवढंच नेमकं पुसलंत."

तिने पर्स उचलली.

"राहू द्या गाडी," वर्लिन म्हणाला. "पुन्हा करतो."

"तुमच्याच्याने होणार नाही. तुम्हाला चांगलंच काढता येतं."

"दुसऱ्या बाजूचा फोटो नाहीये. ती बाजू कशी होती?"

"तशीच. जरा जास्त वाईट."

"मग तुम्हाला बसून सांगावं लागेल."

ती तीन दुपारी येऊन बसली. सरळ अक्षर संगणक दोन मिनिटांत देतो, वाकडं एकेक वळण धरून काढावं लागतं. वर्लिन फोटोतल्या कडा गिरवायचा, नॅडीन कॉफी पीत चुका काढायची. तिने त्याला एकदाही वर्लिन म्हटलं नाही आणि तिच्या कॉफीत साखर किती हे त्याने एकदाही विचारलं नाही.

"आर अजून खाली घ्या. अजून. आता बाहेर पडतोय असं वाटलं पाहिजे."

"बाहेर पडलाच आहे."

"मग बरोबर."

"या माणसाने ई दोनदा गिरवलाय," एकदा तो म्हणाला. "आधी लहान काढलाय, मग वरून मोठा. हे बघा, खालचा दिसतोय."

नॅडीन पडद्याजवळ वाकली. चाळीस वर्षांत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मग रुमाल काढून तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "तोही घ्या. खालचा."

एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या प्रदर्शनाच्या मैदानावर क्लबची वार्षिक स्पर्धा झाली. गाडी नॅडीननेच टेबलावर मांडली. परीक्षक परगावचा होता. हातात छोटी बॅटरी आणि पाटीला अडकवलेले कागद. तो सत्तेचाळीस नंबरपाशी थांबला, वाकला आणि हसला.

"बनवणारा कोण?"

"मी," वर्लिन म्हणाला.

"डिकल तिरपी बसलीत. अक्षरं ओघळलीत. दोन्ही बाजू एकसारख्याही नाहीत." त्याने कागदावर काहीतरी खोडलं. "नवशिक्यांचा गट पलीकडे आहे, तिकडे लावायची होती."

क्लबची माणसं गोळा झाली होती. वर्लिनच्या कामात कुणी चूक काढावी, असा योग एवढ्या वर्षांत आला नव्हता.

"काय रे वर्लिन," डुएन म्हणाला, "हात थरथरायला लागले की काय?"

खरं काय ते सांगायला नॅडीनने तोंड उघडलं. वर्लिनने तिच्याकडे न बघताच मान हलवून तिला थांबवलं. त्याचा उजवा हात बारा वर्षांपूर्वी कापू लागला होता. ब्रशने काढलेली रेषा माघारी घेता येत नाही, पाण्यावरचं डिकल मात्र हवं तसं सरकवता येतं, म्हणून तो प्रिंटरकडे वळला होता. दुकान बंद झालं ते यंत्रामुळे नव्हे. हे त्याने डॉक्टरखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "थरथरतात."

डुएनचं हसू जागच्या जागी राहिलं. कुणीतरी खोकलं. परीक्षक पुढच्या गाडीकडे सरकला.

बक्षीस समारंभापर्यंत नॅडीन थांबली नाही. तिने गाडी टॉवेलात गुंडाळली, खोक्यात ठेवली आणि दाराकडे निघाली. वर्लिनने खोकं धरायला हात पुढे केला. हात कापत होता. तो मागे घेणार, तेवढ्यात तिने खोकं त्याच्या हातांत दिलं आणि बाहेर लावलेल्या गाडीची किल्ली शोधत ती त्याच्यापुढे चालू लागली.