गप्प बसायची तालीम

नोकरी सोडून घरूनच जाहिरातींचा मजकूर लिहायचं तिने ठरवलं आणि पहिलं गिऱ्हाईक चालून आलं. गाद्यांच्या कारखान्याचा मालक. सकाळीच फोन करणार होता. लिहायची तिला भीती नव्हती, भीती होती ती बोलायची. कुणी आवाज चढवला की ही बाई "बरं बरं, करते" म्हणून मोकळी! असल्या स्वभावाने धंदा करायचा म्हणजे फुकट राबणं आलं. आणि हे काम हातचं गेलं तर पुन्हा नवऱ्याच्या तोंडाकडे बघत जगणं आलं.

जुन्या ऑफिसातल्या मॅडमनी तिला एक युक्ती शिकवली होती. आपली अट एकदाच सांगायची आणि गप्प बसायचं. समोरचा बोलेपर्यंत हूं नाही की चूं नाही.

फोन यायच्या आधी तालमीला गिऱ्हाईक म्हणून तिने नवऱ्यालाच समोर बसवलं. आता काय म्हणावं! जगात दुसरं माणूस नव्हतं का?

"मी गादीवाला," पाय टेबलावर टाकत नवरा म्हणाला. "मला पसंत पडेपर्यंत मजकूर बदलून द्यायचा. शंभर वेळा सांगितलं तर शंभर वेळा."

"दोनदा बदलून देईन. त्यापुढे ते नवीन काम," ती म्हणाली आणि गप्प बसली.

तो हसला. "बोल की पुढे."

ती गप्प.

"ए, तुझ्याशी बोलतोय मी!"

गादीवाला केव्हाच उठून गेला होता, आता समोर नुसता नवरा उरला होता. त्याने ओरडायचं आणि तिने समजूत काढायची, ही त्या घरची जुनी रीत. समजूत निघेना तसं त्याचं टाळकं सटकलं. चहाचा कप भिंतीवर फुटला. मग तिच्या बाजूला येऊन त्याने तिचे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटला, दात रक्ताने भरले.

"माफी माग! माग म्हणतो ना!"

भीतीने तिचं पाणी पाणी झालं होतं, पण तोंड उघडलं नाही. पुन्हा आपटायला त्याने जोर घेतला. त्याचा दुसरा हात टेबलाच्या उघड्या खणाच्या कडेवर होता. तिने दोन्ही हातांनी खण धाडकन आत लोटला. बोटं कडाडली. तो किंचाळत खाली बसला.

तेवढ्यात फोन वाजला.

बाहीने रक्त पुसून तिने तो उचलला. गादीवाल्याने पहिल्या दमातच मनासारखं होईपर्यंत बदल मागितले.

"दोनदा बदलून देईन. त्यापुढे ते नवीन काम."

पलीकडे शांतता. इकडे नवरा कण्हत होता. ती रक्त गिळत बसून राहिली.

गादीवाला खाकरला. "चालेल. उद्यापासून घ्या हातात."

फोन ठेवला तर नवरा रडकुंडीला आलेला. "अगं, रागात झालं. माझा स्वभाव माहितीये ना तुला? दवाखान्यात चल ना."

"एकटा जा. किल्ली इथे ठेव आणि परत येऊ नकोस," ती म्हणाली आणि गप्प बसली.

त्याने शिव्या घातल्या, हात जोडले, आईची शपथ घेतली. ती जागची हलली नाही. शेवटी त्यानेच धड हाताने खिशातून किल्ली काढून टेबलावर टाकली.

तो बाहेर पडल्यावर तिने आतून कडी घातली. मगच रडली.